हमदुल्ला नेमका कसा हरतो

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत राहूनही प्रकाशने चार वर्षांत उंट म्हणून पाहिला नव्हता, आणि त्याला याचा कोण अभिमान!

दुबईत संसार थाटला की भारतातून पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की शनिवार गेलाच म्हणून समजा. प्रत्येकाला तोच उंच मनोरा बघायचा असतो, तीच वाळू तुडवायची असते आणि दर तिकिटाला दिरहमचे रुपये करून हळहळायचं असतं. यावर तीन घरांनी मिळून तोडगा काढला होता. प्रकाश, शेजारचा विघ्नेश आणि वरच्या मजल्यावर एकटा राहणारा रत्नागिरीचा हमदुल्ला यांनी शुक्रवारी संध्याकाळी चहाबरोबर ब्लॅकजॅक खेळायचं, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता पानं वाटणाऱ्यापेक्षा जास्त करायची. पैसा लावायचा नाही. ते हमदुल्लाच्या धर्मात बसत नव्हतं आणि इथल्या कायद्यातही. लावायच्या त्या खजुराच्या बिया, प्रत्येकी चाळीस. शेवटी ज्याच्याकडे सर्वांत कमी बिया, त्याने पाहुणे फिरवायचे, मग ते कुणाचे का असेनात.

पानं वाटायची विघ्नेशची बायको मुग्धा, आणि ती भलतीच कडक. कुणी मुद्दाम जादा पान मागून हरू नये म्हणून सतराला थांबायचंच, हा तिचा नियम. पाळीची अदलाबदल नाही आणि दुसऱ्याच्या पाळीत हौसेने घुसायचं नाही, हा नियम क्रमांक चार. तो मात्र प्रकाशने घातला होता. आपली सासू आपल्याच गळ्यात पडू नये, एवढाच त्यात उदात्त हेतू.

प्रकाश चार वर्षांत एकदाही हरला नव्हता. जबल अलीच्या गोदामात दिवसभर खोकी मोजणाऱ्या माणसाला बावन्न पानं म्हणजे काय मोठी गोष्ट? लहान पान पडलं की मनात अधिक एक, दहा, चित्र किंवा एक्का पडला की उणे एक. आकडा चढला की मोठी पानं अजून गड्डीत आहेत. मग बिया ओतायच्या. उतरला की एकच बी सरकवायची. विघ्नेश अधूनमधून हरायचा. हमदुल्ला तर हरण्यासाठीच जन्माला आल्यासारखा हरायचा. मनोऱ्यावर तो एकतीस वेळा जाऊन आला होता आणि तिथला रखवालदार आता त्याला ईदच्या शुभेच्छा पाठवत असे.

"अहो, सांगून टाका ना त्या बिचाऱ्याला," अनुपमा नवऱ्याला दर शुक्रवारी म्हणायची.

"जाणकाराने गुपित सांगायचं नसतं," प्रकाश म्हणायचा. "सगळ्यांना कळलं की त्याचा उपयोग संपला." आणि शनिवारी अकरापर्यंत झोपायचा.

मग आईचा फोन आला. गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती, त्याआधी पाच दिवस येऊन जाते, म्हणाली. चार वर्षं बोलावूनही न आलेली आई येणार, आणि तिच्या वाट्याला एकच शनिवार. तिला उंट बघायचा होता. प्रकाशला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी फिरवून आणावंसं वाटलं.

"बाबा, जस्ट टेक आजी आउट. व्हॉट इज द प्रॉब्लेम?" मुलगी आभा म्हणाली.

"नियम क्रमांक चार," प्रकाश म्हणाला. आपणच घातलेला नियम आईसाठी मोडायचा म्हणजे चार वर्षांच्या झोपेचा हिशेब द्यावा लागला असता.

म्हणजे हरणं आलं. पण हमदुल्ला टेबलावर असताना हरणार कसं? शेवटी प्रकाश गुरुवारी त्याच्याकडे गेला आणि जड अंतःकरणाने सगळं सांगून टाकलं: अधिक एक, उणे एक, बिया कधी ओतायच्या. "आता तू जिंक. उद्या मला हरू दे."

हमदुल्लाने शांतपणे ऐकून घेतलं. "लय हुशार आहेस, प्रकाशभाई," म्हणाला आणि चहा ओतला.

शुक्रवारी प्रकाशने उलटं खेळायला सुरुवात केली. गड्डी वाईट झाली की दहा दहा बिया लावल्या. पहिल्या दहांवर त्याला एक्का आणि राजा आला, म्हणजे नेमके एकवीस. दुसऱ्या दहांवर मुग्धाच एकवीसच्या पुढे जाऊन फुटली. तो हताश होऊन जिंकत होता आणि समोर हमदुल्लाच्या बिया निवांतपणे ओघळत होत्या. गड्डी चांगली असली की तो एकच बी लावायचा आणि वाईट झाली की मूठभर. आणि तेव्हा प्रकाशच्या डोक्यात प्रकाश पडला, कारण गेली चार वर्षं हा माणूस अगदी असाच खेळत आला होता.

"हमदुल्ला हरला," मुग्धाने जाहीर केलं.

प्रकाशने त्याला जिन्यात गाठलं. "तू मोजतोस."

"पहिल्या महिन्यापासून. तुझे ओठ हलतात."

"मग हरतोस कशाला?"

"अरे, पाहुणे कोकम आणतात, फणसपोळी आणतात. दिवसभर गाडीत मराठी बोलतात. उतरताना विचारतात, जेवलास का रे बाबा. अम्मी गेल्यापासून हे कोण विचारतं मला?"

"मलाही शिकव ना असं हरायला."

"ते नाय सांगत, हबीबी. सांगितलं की खलास."

मुग्धाला शेवटी दया आली. तिने नियमांची वही उघडून प्रकाशचं नाव पाहुण्यांच्या यादीत लिहिलं. त्यामुळे शनिवारी तो पाहुणा म्हणून, डोक्यावर टोपी घालून, हमदुल्लाच्या गाडीत मागे बसला. पुढे आई बसली. लहबाबच्या वाळूपर्यंत तिचं आणि हमदुल्लाचं आंबोळ्यांवर बोलणं चाललं होतं.

"तुम्हाला बरी सवड मिळते हो," आई म्हणाली. "आमच्या या बिचाऱ्याला शनिवारीसुद्धा काम असतं. फोनवर नेहमी सांगतो. म्हणून तर मी चार वर्षं टाळलं. उगाच त्याची ओढाताण."

हमदुल्लाने आरशातून मागे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, आणि एक वाक्य पुरलं असतं.

"हो ना, आई. कामाचा माणूस आहे तो," हमदुल्ला म्हणाला आणि इंडिकेटर दिला.

प्रकाशचं गुपित शाबूत राहिलं. जाणकाराने जाणकाराचं झाकलं होतं, आणि प्रकाशला ते सहन होईना. त्याने टोपी काढली.

"आई, मला शनिवारी सुट्टी असते. दर शनिवारी. पहिल्यापासून."

गाडी थांबली होती. काचेबाहेर एक उंट खाली बसून पाठीवर कुणीतरी चढायची वाट बघत होता. आईने आधी त्याच्याकडे आणि मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"चार वर्षांपूर्वी चढले असते रे मी," ती म्हणाली.

मग तिने पिशवीतून फणसपोळी काढली आणि पहिला तुकडा हमदुल्लाला दिला.