डायरेक्ट केलेला गिझर

मित्रांनो, सात वर्षं एकाच भिंतीला लटकून लोकांचं पाणी तापवणारा मी एक जुना गॅस गिझर. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण संसार सास्तूरला, उत्तरेश्वर यांच्या न्हाणीत. तिथला तांब्याचा बंब माझ्यामुळं अडगळीत गेला, म्हणून उत्तरेश्वरांच्या आई, धुरपदाबाई, सुरुवातीला माझ्याकडं संशयानं बघायच्या.

"धूर न्हाय, राख न्हाय, आन् पाणी तापतंय कसं?"

आठ दिवसांत त्या विरघळल्या. मग पाहुण्यांना न्हाणीत नेऊन मला दाखवू लागल्या. न्हाणीत नेऊन दाखवलं जाण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

माझं काम सोपं. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतलं बटण दाबलं जातं, दोन मोठ्या सेलांवर टकटक ठिणगी पडते आणि ज्योत पेटते. ज्योतीशेजारी एक छोटा सेन्सर असतो. खोलीतली हवा कमी पडली की तो गॅस बंद करतो. माझ्यात शहाणा तेवढा तोच, बाकी सगळा पत्रा.

गेल्या पौषात उत्तरेश्वरांची लेक शिवकन्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून धुरपदाबाईंनी न्हाणीच्या झरोक्यात पोतं कोंबलं, दाराच्या फटीत चिंध्या ठासल्या. काम इतकं चोख की मुंगीलाही आत यायची सोय राहिली नाही.

मी पेटलो आणि दहा मिनिटांत विझलो.

"आज्जे, पाणी गार झालं!" शिवकन्या साबणासकट कुडकुडत ओरडली.

उत्तरेश्वरांनी नवे सेल घातले. सेलच्या डबीतल्या गंजलेल्या पट्ट्या पॉलिशपेपरनं घासल्या. मित्रांनो, ठिणगीच पडत नसती तर दोष सेलांचा असता. मी तर पेटून विझत होतो. पण दुखणेकऱ्याला कोण विचारतं?

लोहाऱ्याहून मल्लेश मेकॅनिक आला. त्यानं दार सताड उघडं ठेवून नळ सोडला. मी पाव तास अखंड जळलो.

"चालायलंय की, तात्या!"

"तू आलास की चालतंय, गेलास की विझतंय," उत्तरेश्वर म्हणाले.

"मग ह्येला माझा लळा लागलाय."

दार लावलं की मी पुन्हा विझायचो. दुसऱ्या दिवशी मल्लेशला परत बोलावलं. आता धुरपदाबाईच पुढं झाल्या.

"वली बाळंतीण हाय, लेकरा. गार पाणी अंगावर पडलं तर जल्माचं दुखणं. कायतर कर."

"डायरेक्ट करून टाकतो, आज्जी."

मित्रांनो, आमच्याकडं हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे. फ्यूज उडाला, डायरेक्ट. मोटारीचा स्टार्टर बिघडला, डायरेक्ट. मल्लेशनं सेन्सरच्या तारा तोडल्या, त्यांना आपसात पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. जाताना त्यानं झरोक्याकडं पाहिलं. "पोतं झकास बसवलंय," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी विझलो नाही.

धुरपदाबाईंनी शिवकन्याला न्हाऊ घातलं आणि बाळाला शेकायला त्या बाहेर गेल्या. शिवकन्यानं कडी लावली. ऊन पाण्याखाली जरा वेळ बसावंसं वाटलं तिला. आतली हवा सरत आली, माझी निळी ज्योत पिवळी पडली. माझ्यातून निघणाऱ्या विषाला धूर नव्हता, वास नव्हता. "डोस्कं जड पडायलंय," ती स्वतःशीच म्हणाली. मग तांब्या पडला. मग ती.

मी पाणी तापवत राहिलो.

"शिवे, झालं का गं? लेकरू रडायलंय," बाहेरून हाक आली. पुन्हा आली. तिसऱ्या हाकेनंतर उत्तरेश्वरांनी दार फोडलं.

शिवकन्या वाचली. चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आली. पण आता ती लेकीला उचलून घेते आणि तशीच उभी राहते. कशाला उचललं ते तिला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल. धुरपदाबाईंनी झरोक्यातलं पोतं स्वतः ओढून काढलं आणि ते मांडीवर घेऊन न्हाणीच्या दारात बसून राहिल्या. "म्याच गं बाई, म्याच," एवढंच पुटपुटत होत्या.

मला काढून अंगणात टाकलं. तिथून मल्लेशनं उचललं. डॉक्टरांनी गॅसचं नाव घेतलं असलं, तरी मल्लेशच्या मते बाईला अशक्तपणानं चक्कर आली. आता मी लोहाऱ्यात त्याच्या दुकानात आहे, धुऊनपुसून, 'चालू कंडिशन' अशी चिठ्ठी कपाळावर घेऊन. आतली काळी टेप तशीच आहे.

मित्रांनो, एवढं ऐका. गिझर पेटून विझायला लागला तर आधी दार उघडा, मग झरोका बघा, मेकॅनिक नंतर. न्हाताना डोकं जड झालं तर अंगावरचा साबण तसाच ठेवून बाहेर पडा. आणि विझणाऱ्यावर चिडू नका. तो कामचुकार असेलच असं नाही.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं. घरी म्हातारे वडील आहेत, त्यांना थंडी सोसत नाही म्हणालं. मला वरखाली न्याहाळून त्यानं विचारलं, "मधीच विझत तर न्हाय ना?"

"अजाबात न्हाय," मल्लेश म्हणाला.

आणि तो खरं बोलत होता.