चिकटणारी राख

आत

"बघा हिच्याकडे!" मठाच्या अंगणात माईंनी हात वर केला, गर्दीने माना उंचावल्या. "दोघांनी धरून आणली होती. आज स्वतःच्या पायांवर उभी आहे. कोणामुळे?"

"माईंमुळे!"

उभी होती ती पुस्तकं बांधणाऱ्या बाईंडरची बायको. पोटाच्या दुखण्याने इतकी वाळलेली, की नवऱ्यासकट सगळे तिला काडी म्हणत. माईंच्या खोलीत मात्र पोट शांत. खायला मऊ भात, झोपायला चटई, हात पोचणार नाही अशी खिडकी.

"घरी जा खुशाल," माई म्हणाल्या. "पण माझी भिंत सोडलीस की दुखणं दारात उभं! ही पवित्र राख घे. रोज जिभेवर ठेव. आतल्यांना लागत नाही, इथली हवाच पुरते."

बाहेर

पुन्हा जुलाब. पुन्हा चक्कर.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. "सेलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे चिकट प्रथिन, तुमच्या आतड्याला सोसत नाही. उपाय एकच, गहू बंद. कायमचा." मग तिच्या बोटांकडे बघत विचारलं, "काम काय करता?"

"मैद्याची खळ लावून पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवते."

"आणि मध्येच बोट जिभेला?"

काडी ओशाळली.

नवऱ्याने खळीचं पातेलं त्याच दिवशी घराबाहेर काढलं. गव्हाचा कण घरात ठेवला नाही. माईंची राख तेवढी रोज जिभेवर चालू होती. तरी पोट उसळलंच.

"हरली की गं तुझी डॉक्टरीण!" शेजारीण म्हणाली. "माईंनाच शरण जा."

आत

माईंच्या खोलीत पुन्हा बरं वाटलं. हेच तर भयंकर होतं.

भेटायला आलेल्या लेकीने विचारलं, "आई, तू आता इथलीच का?"

काडीने लेकीला जवळ ओढलं. घरी गेलं तर मरण, इथे राहिलं तर हे असलं जगणं.

बाहेर

लेकीला ताप आला, म्हणून माईंनी सोडलं. सोबत पुड्या दिल्याच.

गरम पाण्याच्या कपात एक पुडी सांडली. काडी बोटाने काढायला गेली आणि बोट तिथेच थबकलं. राख तळाशी बसते. ही घट्ट होत होती. चिमटीत धरून तिने ताणलं. तार आली.

"अहो, इकडे या! ही खळ आहे!"

"काडे, वेड लागलं का तुला?"

"जन्म गेला माझा खळीत. हात लावून बघा."

नवऱ्याने दुसरी पुडी मळून नळाखाली धुतली. काळं पाणी गेलं, पांढरं गेलं. हातात रबरासारखा चिवट गोळा उरला.

"हेच ते ग्लुटेन," गोळा बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मैद्यात कोळशाची पूड. आत राख नाही आणि गहूही नाही, म्हणून बरं वाटायचं."

"म्हणजे माईंनी मुद्दाम...?"

"सेलिअ‍ॅक हा शब्दही त्यांना ठाऊक नसेल. खरी राख कोण खाईल? म्हणून मैदा. पण बाहेर गेलेलं कोण पुन्हा कळवळत येतं, हे त्यांच्या बरोबर लक्षात राहतं. अशांनाच त्या गर्दीपुढे उभं करतात."

दारावर

सकाळी माईंच्या दारासमोर गर्दी. सेवेकरी नखांनी एक कागद खरवडतोय. निघेना.

'हा कागद माईंच्या राखेने चिकटवला आहे. राखेने कागद चिकटत नाही. तुमची पुडी गरम पाण्यात कालवा, ताणून बघा. माझं ऐकू नका, माईंचंही ऐकू नका. स्वतःच्या बोटांना विचारा. आणि पोट दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. – बाईंडरची बायको'

"फाडा तो!" माई कडाडल्या.

"कसा फाडू, माई? पक्का बसलाय," सेवेकरी म्हणाला.

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. एका म्हातारीने पिशवीतून पुडी काढली.

"जरा गरम पाणी द्या गं कोणी."