ढाल की कुंपण

बोरी अरबच्या पोरांना अमेरिकेतला फुटबॉल शिकवा, असं आवतण देवसिंग सरांना कुणी दिलं नव्हतं. वीस वर्षं कबड्डी शिकवलेल्या माणसानं हौसेनं हे विकतचं दुखणं घेतलं होतं. यंदा राज्य स्पर्धेला गेला नाहीत तर खेळ बंद, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि तिथं जायचं तर आजचा सामना जिंकायलाच हवा होता.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. तीन खेपांत चेंडू पुरेसा पुढे सरकला नाही, की चौथ्या खेपेला तो लाथेनं दूर उडवून द्यायचा. तेवढ्यात समोरचे लाथ मारणाऱ्या सुनीलवर तुटून पडतात. त्यांना अडवायचं, पण धरायचं नाही.

सरांनी आधी ढाल निवडली. सुनीलसमोर तीन दणकट पोरं उभी, बाकीची चेंडू झेलणाऱ्याला गाठायला धावायला मोकळी. कागदावर झकास! मैदानात मात्र समोरचा अंगावर येताच तिघांनी हातात हात घालून कबड्डीची साखळी केली आणि हिरासिंगनं त्याची कंबर धरून त्याला आडवा पाडला. शिट्टी, दंड, दहा यार्ड मागे. असं तीनदा.

"काहून धरतं बे त्याले?" मध्यंतरात सर कावले.

"हात आपोआपच जाते, सर," हिरासिंग मान खाली घालून म्हणाला. "तुमीच तं लावली सवय."

हे खरं होतं, म्हणून सरांना जास्तच संताप आला.

शेवटची दोन मिनिटं उरली. सरांच्या पोरांकडे चार गुणांची आघाडी होती आणि पुन्हा चौथी खेप आली. सरांनी ढाल मोडून कुंपण निवडलं. सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा, मधे फट नाही. धोका एकच, चेंडू उडाल्यावर पोरं धावायला उशिरा सुटतात.

"आन् दोनी हातानं आपलाच शर्ट धराचा," त्यांनी एकेकाला बजावलं. "सोडला तं माह्याशी गाठ हाय."

कुंपण टिकलं. चेंडू लांब उडाला आणि सरांचा जीव भांड्यात पडला. पण समोरच्या खेळाडूनं तो झेलला आणि जो सुटला तो सुटलाच. उशिरा निघालेली पोरं त्याला गाठू शकली नाहीत. लाथ मारून पडलेला सुनील अजून उठत होता. वाटेत उरला एकटा हिरासिंग, ज्याच्या पकडीतून तालुक्यात आजवर कुणी निसटलं नव्हतं. तो खेळाडू त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला. हिरासिंग शर्ट धरून नुसता आडवा आला आणि बघत राहिला.

चेंडू थेट शेवटच्या रेषेपार पोचला, समोरच्यांना सहा गुण मिळाले आणि सामना गेला.

"धरलं काहून नाही?" सरांनी विचारलं.

"तुमीच म्हणलं ना, सर."

चेंडू उडाल्यावर तो घेऊन पळणाऱ्याला धरायचं असतं, एवढं एक वाक्य सांगायचं सर विसरले होते. हिरासिंगच्या मुठी अजून वळलेल्याच होत्या. सरांनी जवळ जाऊन एकेक बोट उलगडत त्या सोडवल्या.