मुरब्याला आलेले डॉक्टर

वत्सलाच्या गालाला भोक पडलं आणि भरवलेली पेज त्यातून बाहेर यायला लागली, तेव्हापासून जमना एका हाताने तो गाल दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पेज घालायची. दातखीळ बसल्यासारखं वत्सलाचं तोंड मिटलं होतं. चमचा आत जात नव्हता. जमना कापडाची वात पेजेत बुडवायची आणि ओठांच्या फटीतून पिळायची. चार थेंब आत, दोन बाहेर.

जमनाची ही थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच जमनाचे केस विंचरले, हिनेच तिला मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालायला शिकवलं, आणि पुढे आपल्याच दिराच्या मित्राशी, पुंडलिकशी, तिचं लग्न लावून तिला सातपाटीला आपल्या शेजारी आणून ठेवलं. पालघरच्या बाजारात वत्सलाचा आवाज स्टेशनपर्यंत ऐकू जायचा. आता त्या तोंडातून नुसता घरघरता श्वास यायचा, आणि एक वास, ज्याने शेजारच्या बायका दारातूनच विचारपूस करून परत जात.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेऊन झालं होतं. तिथे त्यांनी विजेचा शेक दिला. जखम सुकली, सगळ्यांना वाटलं सुटली. पावसाळा सरला तशी ती पुन्हा फुटली, आणि या वेळी डॉक्टरांनी वत्सलाच्या नवऱ्याला, नामदेवला, बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जपा. नामदेवने बायकोला घरी आणलं आणि त्यानंतर तो बोलायचाच थांबला. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा.

अशात बाजारात खाडीपलीकडच्या मुरबे गावच्या लाडकीने जमनाला सांगितलं, "आमच्या शाळेत मुंबयचे डाक्तर आलेत. बायापुरुषांची तोंडं बघतात. बॅटरी लावून. तोंडातल्या रोगावर काय तरी नवीन काढलंय म्हनं."

जमनाने पुढचं ऐकलं नाही. राहिलेली कोळंबी तिने लाडकीच्याच पाटीत ओतली आणि घर गाठलं.

"भावोजी, बायला मुरब्याला न्यायची हाय."

नामदेवने वर पाहिलं. "कशाला?"

"डाक्तर आलेत. त्यांच्याकडं नवीन औषद हाय."

"जमने, तिला हलवू नको. निवांत जाऊ दे तिला."

"निवांत कुठं हाय ती? तुमी तिच्याकडं बघता तरी का?"

नामदेव वलांडीकडे वळला. जमनाने वत्सलाच्या तोंडावरून पदर घेतला, तिला उचललं, आणि तिच्या ध्यानात आलं की बहिणीचं वजन आता भरल्या पाटीएवढंसुद्धा राहिलेलं नाही.

खाडीला ओहोटी लागली होती. भगवंत तांडेलाने होडी नेली तेवढी नेली, पण पलीकडचा काठ अजून लांब होता आणि मधे सगळा चिखल. "पानी चढंपर्यंत थांब," तो म्हणाला. जमना थांबली नाही. बहिणीला पाठुंगळी घेऊन ती चिखलात उतरली. मांडीपर्यंत पाय रुतत होते. एकदा ती गुडघ्यांवर पडली, तेव्हा वत्सलाच्या घशातून असा आवाज निघाला की भगवंतने होडीतच तोंड फिरवलं. जमना उठली. मानेवर काहीतरी ओलं ओघळत होतं. ते काय आहे, हे तिने बघितलं नाही.

शाळेच्या ओसरीवर बायकांची रांग होती. एका खुर्चीत एकेकीला बसवून चष्मेवाला तरुण डॉक्टर तोंडात बॅटरी मारून बघत होता, आणि हंसा नावाची नर्स तो सांगेल ते लिहून घेत होती. चिखलाने माखलेली जमना बहिणीला घेऊन थेट खुर्चीपाशी गेली. वत्सलाच्या तोंडावरचा पदर बाजूला झाला, तशा पुढच्या दोघी-तिघी मागे सरल्या. एक तर रांग सोडून चालायलाच लागली.

डॉक्टरने वत्सलाला बसवलं, जवळ वाकून पाहिलं. नाक झाकलं नाही त्याने. बराच वेळ बघत राहिला.

"कुठं दाखवलं होतं?"

जमनाने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आता तुमचं नवीन औषद द्या."

"माझ्याकडे औषध नाही, बाई."

"लाडकी म्हनली, हाय."

"चुकीचं सांगितलं कुणीतरी. आम्ही गावोगाव जाऊन तोंडं तपासतो. कोण मशेरी लावतं, कोण तंबाखू खातं, कुणाच्या तोंडात डाग आहेत, ते बघतो. दर वर्षी येऊन पुन्हा बघणार. त्यातून कळेल हा रोग कसा सुरू होतो, आधीच कसा थांबवायचा."

"कळंल तवा ही कुठं असंल?"

डॉक्टरने चष्मा काढला.

जमनाने त्याचा हात धरला. मासे कापून चिरा पडलेल्या त्या बोटांची पकड त्याला सोडवता येईना. "माज्या गालाचं मास काढून तिला लावा. मी हूं म्हननार नाय. मांडीचं काढा. आमी एकाच आईच्या, लागंल तिला."

"तसं करता आलं असतं तर केलं असतं," तो हळूच म्हणाला. "रोग आता मानेत उतरलाय."

हंसाने जमनाला भिंतीशी बसवलं. तिने पाणी मागवलं, वत्सलाची जखम धुतली, कापसाची घडी ठेवून पट्टी बांधली, दुखणं कमी व्हायच्या गोळ्या पाण्यात विरघळवून कशा द्यायच्या ते दाखवलं. वत्सला डोळे मिटून बसली होती. तिच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. भरती आल्यावर होडी काठाला लावून भगवंतही ओसरीच्या खांबाशी येऊन उभा राहिला.

मग हंसा म्हणाली, "आता तुमचं तोंड बघू दे."

"माजं काय बघता? मला काय नाय."

"मशेरी लावता?"

"समद्याच लावतात."

"म्हणून तर बघायचं."

जमनाने ओठ घट्ट मिटले. जेवताना मिरची डाव्या गालाला झोंबते, हे तिला केव्हाचं ठाऊक होतं. जीभ फिरवली की तिथे खरखरीत लागायचं. पण बहीण अशी पडलेली असताना स्वतःचं बघणं म्हणजे तिला सोडून पुढे निघण्यासारखंच होतं. ती उठली. "चल बाय, घरी जाव."

वत्सलाने डोळे उघडले. कित्येक दिवसांत तिने आपणहून हात हलवला नव्हता. तो हात वर आला, जमनाची हनुवटी त्याने पकडली आणि खाली ओढली. लहानपणी औषध पाजताना धरायची तशीच. जमनाने मान सोडवायचा प्रयत्न केला. वत्सला सोडेना. तिच्या डोळ्यांतून पाणी पट्टीवर उतरत होतं.

जमनाने तोंड उघडलं.

डॉक्टरने बॅटरी मारली. डाव्या गालाच्या आत पांढरा पट्टा होता, मधे लाल. "मुंबईला येऊन तुकडा काढून तपासावा लागेल," तो म्हणाला. "लवकर या. आणि मशेरी आजपासून बंद."

परतीच्या होडीत जमना बहिणीला म्हणाली, "असं कशाला केलंस?" वत्सलाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, बाकी काही नाही.

ती पौषात गेली. शेवटचे काही दिवस गोळ्यांनी तिला झोप लागत होती, एवढंच त्या डॉक्टरकडून मिळालं. जमना मुंबईला गेली नाही. मशेरी सुटली नाही. सकाळी भाजलेल्या तंबाखूचा वास आला की हात आपोआप डबीकडे जायचा, आणि तिला वाटायचं, जे बायचं झालं ते माझं होऊ दे, वेगळं कशाला व्हायला पाहिजे. पुंडलिकने समजावलं, ओरडला, शेवटी होडी घेऊन समुद्रात गेला.

एका सकाळी दारात नामदेव उभा राहिला. धुतलेला सदरा घातलेला. "चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"मुंबयला. तिनं तुजं तोंड उघडलं, भगवंतनं सांगितलं मला. आता तू मिटून बसलीस तर तिला काय सांगू मी?"

तुकडा काढला त्या दिवशी दुखलं. निकालासाठी पुन्हा जावं लागलं. तेव्हाही नामदेवच सोबत होता. इस्पितळातल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि हसून म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण हा पट्टा त्याच्या वाटेवर होता. मशेरी सोडा, दर सहा महिन्यांनी दाखवत जा. नशीबवान आहात, वेळेवर आलात."

वेळेवर आलात. जमना बाहेरच्या बाकावर येऊन बसली. वत्सलाच्या गालातही कधीतरी एवढाच पट्टा असणार. तिलाही मिरची झोंबत असणार, आणि ती त्याच तोंडाने बाजारात ओरडत असणार. तेव्हा कुणी बॅटरी घेऊन सातपाटीला आलं नव्हतं. बहीण मेली त्या दिवशी जमना रडली नव्हती. आता तिला आवरेना. येणारेजाणारे बघत होते, आणि त्यांना वाटलं असेल की हिला वाईट निकाल मिळाला.

नामदेव घाबरून जवळ आला. "काय म्हनल्या?"

"मी बरी हाय, भावोजी," ती कशीबशी म्हणाली. "मला काय नाय झालं."

नामदेव तिच्या शेजारी बसला. दोघांनाही उठवेना.