पंचनाम्यात नसलेला लोटा

"हवालदार, या पंचनाम्यात काय लिहिलेलं नाही?"

रीता मॅडमनी कागद चैतरामसमोर सरकवला. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. काय लिहिलंय ते साहेब विचारतात, वकील विचारतात. चैतरामचं अक्षर इतकं सुबक की वकिलांनाही त्यात खोट काढायला खटाटोप करावा लागायचा.

"सारं लिवलं आहे जी," तो म्हणाला. "दार, खाट, चूल, बाईची बांगडी. काहीच सुटलं नाही."

मॅडम नागपूरहून आल्या होत्या. गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास हे त्यांचं काम. धानाच्या रोवणीच्या एका महिन्यात जंगलपट्टीतल्या तीन गावांत तीन बायका मारल्या गेल्या होत्या. तिघी पन्नाशीच्या पुढच्या, तिघी विधवा. गाव शेतात चिखलात वाकलेलं असताना, भर दुपारी, त्यांच्याच पदरानं गळा आवळलेला. ठाण्यात एवढा ताप कधी झाला नव्हता.

"मारणारा दोन प्रकारच्या गोष्टी करतो," मॅडम म्हणाल्या. "एक, मारायला लागतात त्या. दुसऱ्या, ज्यांची काही गरज नसते. यानं तिघींचे चेहरे झाकलेत, पाय सरळ केलेत, जाताना आतल्या खोलीच्या दाराची कडी लावली. याची काय गरज होती? म्हणजे याला लाज आहे. तो त्यांना ओळखत होता. दार तोडलेलं नाही, झटापट अंगणात नाही, आतल्या खोलीत. बायकांनी त्याला स्वतः आत घेतलं."

"मग सुकरामच तो," ठाणेदार वीरेंद्र साहेब खुर्चीतूनच म्हणाले. "सब पहचानते हैं उसको. तिन्ही गावांत फिरतो, एकटा राहतो, बायको नाही. तुमच्या शास्त्रात बसतो की नाही, मॅडम?"

सुकराम आज सकाळपासून कोठडीत होता. दरेकशाकडच्या जंगलात बांबूतोडीला जाणारा, स्वतःशीच बोलणारा माणूस. लोकांना खुनी जसा हवा असतो तसा तो दिसायचा, एवढा त्याचा गुन्हा. उद्या त्याला कोर्टात उभं करायचं होतं आणि तिन्ही गावांतले लोक ठाण्यासमोर जमू लागले होते.

मॅडम चैतरामकडेच बघत होत्या. "वेगळं काय दिसलं ते तुम्ही छान लिहिलंय. मला नेहमीचं सांगा. इतकं नेहमीचं, की लिहावंसंही वाटलं नाही."

चैतरामच्या पायांना एकदम गार वाटलं.

पहिल्या घरात पंचनामा संपवून तो बाहेर आला होता. प्रेताच्या घरातून निघताना पाय धुवायचे, हे काही कुणी शिकवावं लागत नाही. दाराशी धुण्याच्या दगडापाशी बादली होती, अर्धी भरलेली. दगडावर पितळी लोटा. त्यानं लोटा उचलला, पायांवर पाणी घेतलं, मग दोन्ही पंचांनी घेतलं. दुसऱ्या घरातही तसंच; तिसऱ्याच्या वेळी तो रजेवर होता. फोटो आणि मोबाईलचं शूटिंग प्रेतापासून सुरू व्हायचं आणि प्रेतापाशी संपायचं. दाराबाहेरचा लोटा कोण बघतो?

पण लोटा कुठल्याही घरी दाराबाहेर पडून राहत नाही. तो आत, पाण्याच्या गुंडीवर असतो. पाहुणा आला की बाहेर येतो. दोन्ही घरी तो कुणासाठी तरी बाहेर आला होता, आणि त्यावरचे ठसे चैतरामनं स्वतःच्या हातांनी पुसून टाकले होते.

"जेवून येतो जी," एवढंच तो म्हणाला, आणि निघाला.

मुर्रीला घरापर्यंत मोटारसायकल त्यानं कशी चालवली ते त्याचं त्याला ठाऊक. निवृत्तीला आठ महिने उरले होते. मॅडमला काही कळायचं कारण नव्हतं. पंचांनाही आठवणार नाही. गप्प बसलं की झालं. पण सुकरामचं काय, हा प्रश्न माशीसारखा नाकाशी येत राहिला. हाकलला की परत.

बायकोनं, सुलोचनाबाईंनी, ताट वाढलं. त्यानं घास मोडला आणि तसाच ठेवला.

"काऊन जी, जेवून नाही राहिले?"

"सुकराम आपल्या दारी आला, त तू का करशील?"

"थो बांबूवाला? पाणी देईन कुंपणापाशी. का करू आणखीन?"

"पाय धुवाले लोटा देशील?"

"त्याले कायले? थो का पाहुणा आहे?" सुलोचनाबाई हसल्या. "घरातले धानाच्या बांदीवरून आले त विहिरीवरच पाय धुऊन येतात. लोटा पाहुण्याले, सोयऱ्याले."

"अन् रोवणीत कोण येते पाहुणा?"

"रोवणीत? मरायलेही फुरसद नसते, कोण येईल?" त्या थांबल्या. "हां, रेवारामभाऊ येतात ना. पोरीले स्थळ आणलं म्हणून लोकाच्या वेळाकाळाचा त्याले इचारच नाही. मागल्या पंधरवड्यात आले होते नाही का, आपल्या आचलसाठी? मी एकटीच होती घरी. पाणी दिलं, पाय धुतले, बसले. आचल कॉलेजातून आली, मंग गेले."

रेवाराम. साठीचा, पांढऱ्या सदऱ्यातला, सगळ्यांच्या सोयरिकी जुळवणारा. बोलायला इतका गोड की भांडखोर सासवासुद्धा त्याच्यासमोर नरम होतात. पहिल्या बाईचा मुलगा लग्नाचा. दुसरीच्या दोन मुली. तिसरीची भाग्यश्री. चैतरामनं सुलोचनाबाईंच्या गळ्याकडे बघितलं आणि त्याला ते पाहवेना. ताटात हात धुऊन तो उठला.

"अजी, का झालं तुमाले?"

"दार लावून घे. कोणीही येऊ दे, उघडू नको. रेवाराम आला त मुळीच नाही."

ठाण्यात पोचल्यावर त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं, पायांचं सांगितलं, रेवारामचं सांगितलं. मॅडमनी लिहिणं थांबवलं. "पाहुणा," त्या हळूच म्हणाल्या. "मी 'ओळखीचा' लिहून ठेवलं होतं. ओळखीचा आणि पाहुणा यांत एवढं अंतर असेल असं मला वाटलं नव्हतं."

वीरेंद्र साहेबांचा चेहरा लाल झाला. "पागल हो गए क्या, चैतराम? घटनास्थळावरचा लोटा तू हातात घेतला? आणि हे आता सांगतो? अंदाजावर मी सुकरामला सोडू शकत नाही. तुझा जबाब लागेल. पुरवणी जबाब दिला तर चौकशी तुझीच लागेल. आठ महिने राहिले तुझे!"

"रेवारामवर लक्ष तर आता ठेवाच," मॅडम मध्येच म्हणाल्या. "हवालदारांचं नाव न घेता मी अहवालात लिहू शकते."

"त्यानं सुकराम उद्या कोर्टात नाही जाणार?" चैतरामनं विचारलं.

"जाईल," मॅडम म्हणाल्या.

चैतरामनं कोरा कागद ओढला. एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे जबाब लिहिले होते. आज स्वतःचं नाव, वय, धंदा लिहिताना त्याचं सुबक अक्षर वाकडं होत होतं. 'मी स्वतः सदर लोट्याने पाय धुतले व पंचनाम्यात त्याची नोंद घेतली नाही' हे वाक्य त्यानं दोनदा लिहिलं, कारण पहिल्या वेळी घामानं शाई पसरली.

रेवाराम दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या गोरेगावच्या बसस्टँडवर सापडला. त्याच्या पिशवीत मुलामुलींच्या बायोडाट्याच्या झेरॉक्स होत्या. तिन्ही घरांच्या त्यात होत्या. आचलची होती. पहिला तासभर तो हसून बोलला. मॅडमनी तिघींच्या झाकलेल्या चेहऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा त्याचं हसू गेलं, आणि मग तो तिन्ही खुनांबद्दल बोलायला लागला तो थांबेना.

सुकरामला कोठडीतून काढलं तेव्हा तो चैतरामवर खेकसला. "मायी कुऱ्हाड कुठी आहे? दोन दिस काम बुडवलं ना तुमी मायं!" कुऱ्हाड मुद्देमालात जमा होती. ती मिळायला कोर्टाचा हुकूम लागेल हे चैतरामला माहीत होतं, पण त्या घडीला सांगायची हिंमत झाली नाही. सुकराम शिव्या घालतच गेटबाहेर गेला. लोकांनी त्याला वाट दिली. कालपर्यंत दगड घेऊन उभे असलेले हेच लोक आज मोबाईल काढून त्याचे फोटो घेत होते. चैतरामला त्या सगळ्यांची चीड आली, आणि त्याहून स्वतःची.

दुपारी भाग्यश्री आली. तिसऱ्या बाईची मुलगी, एकुलती. त्या पंचनाम्याच्या दिवशी चैतराम रजेवर होता, म्हणून त्या घरचं तिलाच विचारायचं होतं.

"बांदीवरून आली त दगडावर लोटा दिसला," ती सांगू लागली. "मले वाटलं, कोणी पाहुणे आले असतील. मनात म्हटलं, मायनं चहा ठेवला असंल. मंग आत गेली."

शिपायानं जबाब लिहून घेतला. तिनं सही केली आणि पेन खाली ठेवताना चैतरामकडे बघितलं. ठाण्यात काय बोलणं चाललंय ते तिच्या कानांवर आलं असावं.

"काका, पहिल्या बाईच्या टायमाले लोटा तुमीच उचलला होता?"

"हाव."

"तवाच लिवलं असतं, त?"

शिपायानं डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. सुटायला हजार वाटा होत्या. नक्की सांगता येत नाही, तपासाचा भाग आहे, देवाची मर्जी. एकतीस वर्षांत यातली प्रत्येक वाट चैतरामनं कुणा ना कुणाला दाखवली होती.

"त तुयी माय राहिली असती, बेटी," तो म्हणाला.

भाग्यश्री रडली नाही. ओढणी आवरून ती बाकावर थोडी सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

चैतराम बसला नाही. टोपी हातात घेऊन, ती उठेपर्यंत, तो तिच्यासमोर उभाच राहिला.