हात मागे येईल इतकं ऊन

पर्वत पाटियाजवळच्या एका सोसायटीत सिपोराबाई आष्टमकर राहायच्या. मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. सुरतेत त्यांच्या ओळखीची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं त्यांचं धरून उरली होती चार, आणि शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचं, दुपारचं जेवण चारही घरं त्यांच्याकडेच जेवायची. शनिवारी आग पेटवायची नाही, काही शिजवायचं नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या वातींचा स्टोव्ह बारीक करायच्या, वर पत्रा टाकायच्या आणि शिजलेल्या अन्नाची भांडी त्यावर मांडून ठेवायच्या. त्र्याण्णव साली मुलगी मिल्का बाळंतपणाला आली होती. शनिवारी बाळाचं दूध पत्र्याच्या कडेला ठेवलं की त्याचा गारठा मोडायचा. गार काही ठेवायचं तर नेमकं किती कडेला, हे सिपोराबाई वर्षानुवर्षं हात लावून ठरवत आल्या होत्या. सासूनं तसंच शिकवलं होतं.

डिसेंबरात पुतण्या आला, शालोम. दोन वर्षं जेरुसलेमला धर्मशास्त्र शिकून आलेला. येताना त्यानं काचेची तापमापी आणली होती. मंगळवारी त्यानं काकूंना स्टोव्ह आणि पत्रा शब्बाथसारखाच मांडायला लावला, त्यांच्या नेहमीच्या जागी दूध ठेवलं आणि दोन तासांनी नळी बुडवली. पारा अठ्ठेचाळीसवर. पंचेचाळीसच्या वर गेलं की ते शिजवण्यात धरतात, असं तो म्हणाला. तेवढ्यावर राहिला असता तर गोष्ट घरात मिटली असती. पण त्यानं ते उरलेल्या तिन्ही घरी सांगितलं. बुधवारी दोन घरांचा निरोप आला: या शनिवारी जमणार नाही.

सिपोराबाई रडल्या बिडल्या नाहीत. त्यांनी उलट निरोप धाडला, गुरुवारी चार वाजता या. जेवायला नाही, बघायला.

माणसं आली. नकार कळवलेल्यांपैकी एक, बँकेतले एझ्रा नागावकर, तर चपला दाराशीच घुटमळत काढत होते. सिपोराबाईंनी मधोमध गरम पाण्याची परात ठेवली आणि शालोमला, ग्रंथात काय लिहिलंय ते मराठीत सांग म्हणाल्या. मुलगा प्रामाणिक होता. ज्या उष्णतेनं हात मागे येतो ती मर्यादा, आणि ती किती, तर तान्ह्या बाळाचं पोट भाजेल इतकी, एवढं त्यानं सांगितलं.

"आणि पंचेचाळीस कुठं लिहिलंय?"

"ते नंतरच्या पंडितांनी ठरवलं, काकू. शंका नको म्हणून."

"म्हणजे देवानं हात मागितला, आणि तू काच घेऊन आलास."

त्यांनी परातीत हात घातला. शालोमनं पारा वाचला, पन्नास. हात तसाच. नागावकर गालात हसले. सिपोराबाईंना वाटलं, जिंकलं. आता या पोराला सासूबाईंचं नाव घेऊन चार शब्द सुनवावेत.

तेवढ्यात शेजारच्या धुरपदाबाई पापडाचा डबा परत द्यायला आल्या. धुळ्याकडच्या; मिलमधल्या वीस जणांची खानावळ चालवायच्या. काय चाललंय विचारून त्यांनीही परातीत हात घातला आणि निवांत उभ्या राहिल्या.

"मना हात त कव्हयच मरी गया, बाई," त्या म्हणाल्या. "तव्यावर भाकरी उलटाई उलटाई."

सगळे हसले. सिपोराबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपला हात बाहेर काढून पाहिला. बोटांची टोकं जाड, गुळगुळीत. चाळीस वर्षं त्याही चपात्या बोटांनीच उलटत आल्या होत्या. त्यांनी मिल्काला हाक मारली. तिनं बोटं बुडवली मात्र, झटक्यात मागे घेतली.

सासूबाईंनी शिकवलं ते खरंच होतं. पण शिकवलं तेव्हा सिपोराबाईंचा हात वीस वर्षांचा होता.

"मग इतकी वर्षं?" नागावकरांनी हळूच विचारलं.

"ते माझं आणि देवाचं," सिपोराबाई म्हणाल्या. "तुम्ही मध्ये पडू नका." मग शालोमकडे वळल्या. "माझा हात चुकला. रीत चुकली नाही. तू तिन्ही घरी सांगितलंस रीत चुकली म्हणून, ते खोटं."

शालोमनं काही बोलायला तोंड उघडलं.

"तुझा हात मऊ आहे. पुस्तकाखेरीज त्यानं काही धरलेलं नाही. उद्या दिवस मावळायच्या आत ये आणि पत्र्यावरची जागा तू ठरव. ती नळी मात्र माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा यायची नाही."

शुक्रवारी तो आला. रिकाम्या हातानं. पत्र्याच्या मध्यापासून कडेकडे तो बोटं टेकवत गेला, दोनदा चटका बसून हात झटकला, आणि अगदी कोपऱ्यात थांबला. सिपोराबाईंनी तिथं खिळ्यानं रेघ ओढली. नेहमीच्या जागेपासून चांगली चार बोटं लांब.

शनिवारी बाळ कोमट दूध पिऊन झोपलं. नागावकर कुटुंबासह जेवायला आले, आणि शालोमनं भात दोनदा मागून घेतला. नकार कळवलेलं दुसरं घर मात्र आलं नाही, त्या शनिवारी नाही आणि पुढेही नाही. सिपोराबाईंनी त्यांना पुन्हा बोलावणं धाडलं नाही. त्यांची पानं तेवढी मांडायची बंद केली.