बॉनेटवरचं वर्तुळ

आप्पांनी स्टिकर काढला होता, पण त्याचा चिकटा राहिला होता. लाल जीपच्या बॉनेटवर ताटाएवढा गोल डाग, आणि त्यावर तलवाड्याच्या रस्त्याची धूळ बसून तो काळा पडलेला. नीट पाहिलं तर भाऊंचे जोडलेले हात अजून ओळखू येत.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे नेते. त्यांच्या सभांना माणसं न्यायला माझ्या वडिलांची, आप्पांची जीप ठरलेली. मागच्या महिन्यात भाऊंच्या माणसांनी लग्नाचं सांगून ती एका रात्रीसाठी नेली. परत आली तेव्हा मागची सीट धुतलेली, ओली होती. त्याच सकाळी आप्पांनी स्टिकर काढला. फोनवर मी कारण विचारलं, तर म्हणाले, "उन्हानं फाटला व्हता." आठवडा संपायच्या आत त्यांची मोटारसायकल पुलाखाली सापडली, आणि जरा अलीकडे आप्पा. पंचनाम्यात 'अपघात' असं लिहिलं गेलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी अमरसिंह आला. भाऊंची सगळी कामं तोच बघतो. काखेत नव्या स्टिकरची गुंडाळी होती.

"काकू, उद्या भाऊ स्वतः नदीवर येनार हायेत. आप्पा आमचाच मानूस. त्याच्या गाडीवर भाऊ न्हाईत, बरं दिसतं का?"

त्यानं एक कोपरा दाबून पाहिला. धुळकट चिकट्यावर तो धरेना.

"हे साफ करून ठेवा. सकाळी येतो." मग माझ्याकडे वळला. "ताई, आप्पानं कावून काढला हो? तुमाला काई बोलले व्हते का?"

"उन्हानं फाटला होता म्हणाले."

"नवाच व्हता की. दिवाळीला जुना काढून मीच लावलता." तो हसला. "आता गाडी तुमीच चालवनार म्हना. रस्ता लई वंगाळ हाय. जपून."

तो गेल्यावर आई म्हणाली, "लावू दे त्याला. कागदच हाय."

"आप्पांनी काढलाय तो."

"म्हनून तर म्हनते."

मला ते हातही तिथं नको होते आणि नवे हातही नको होते. गरम पाण्यात फडकं पिळून मी चिकट्यावर ठेवलं, मग खोबरेल तेल चोळलं आणि अंगठ्यानं घासत बसले. ही आप्पांचीच रीत. रंगाला ब्लेड लावलेलं त्यांना खपत नसे. एकदा एका गिऱ्हाइकानं ब्लेडनं चिखल खरवडला तर दिवसभर त्याच्याशी बोलले नव्हते. काळ्या गोळ्या निघत गेल्या, हात पुसट झाले, चेहरा गेला. आणि खाली ब्लेडचे ओरखडे दिसले. आडवे, उभे, पत्र्यापर्यंत गेलेले.

मी त्यांवरून बोट फिरवलं. आप्पांचा हात इतका वेडावाकडा चाललेला मी कधी पाहिला नव्हता.

चिकटा पूर्ण निघाला, पण वर्तुळ निघालं नाही. बाकीचं बॉनेट उन्हानं विटलं होतं. स्टिकरखालचा रंग मात्र गाडी घेतली तेव्हासारखा लालभडक. आता तर लांबून कुणालाही कळलं असतं, इथं काहीतरी होतं आणि ते कुणीतरी खरवडून काढलं.

आप्पांचा मेणाचा डबा सीटखाली होता. जत्रेआधी ते जीपला मेण लावायचे. स्टिकर लावायचा असेल तर आधी लावा म्हणायचे, मेणावर काही धरत नाही. मी त्या वर्तुळाला मेण लावलं. वाळलं की पुसून पुन्हा लावलं.

सकाळी भावकीतली माणसं अंगणात जमली होती. अमरसिंहानं सगळ्यांसमोर स्टिकर लावला. हात काढला तशी कड उलगडली. त्यानं परत दाबला. स्टिकरवरचे भाऊ सावकाश घसरत गाडीच्या दिव्यापाशी आले. कुणी हसलं नाही.

"काय लावलंय, ताई?"

"मेण. आप्पा लावायचे."

"पुसता येतं ते."

"येतं."

त्यानं फडक्यासाठी हात पुढे केला. मी फडकं दिलं नाही. अंगणात कुणी हललं नाही. त्यानं वर्तुळाकडे पाहिलं, ओरखड्यांवर नख फिरवलं आणि स्टिकर गुंडाळला.

"बरं," तो म्हणाला. "आप्पाचीच लेक."

मी जीप सुरू केली. आई पिंडाचं सामान मांडीवर घेऊन शेजारी बसली. गाव मागं पडलं, तेव्हा आरशात अमरसिंहाची पांढरी गाडी दिसली. जवळ येत नव्हती, लांबही जात नव्हती. पुढं तो पूल आला.

"आरशात बघू नको," आई म्हणाली. "म्होरं बघ."